दिवाणजींचं देणं

माझ्या पहिल्या पुस्तकात ऋणनिर्देशाचं एक पान आहे. कृष्णाकाठच्या ज्या आयाबायांनी मला जात्यावरच्या ओव्या सांगितल्या, त्यांची नावं त्यात आहेत. मुद्रितं तपासणाऱ्या मित्राचं आहे, मुखपृष्ठ करून देणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं आहे. दिवाणजींचं नाही. "पुस्तकात माझी एक ओळ तरी आहे का गुरुजी? हिशेब लिहिणाऱ्याचं नाव हिशेबात येत नसतं," असं म्हणून त्यांनी ते मुद्रितातून काढायला लावलं. आता ते नाहीत. त्यांचा शब्द पाळून मी इथंही नाव लिहीत नाही. पण त्यांनी मला जे शिकवलं ते लिहून ठेवणं हे माझं कर्तव्य आहे.

सांगलीच्या हळदपेठेतल्या एका अडत दुकानात त्यांची उभी हयात गेली. लोक त्यांना दिवाणजी म्हणत आणि मीही तेच म्हणत असे. शेतकऱ्याची हळद दुकानात यायची, सौद्यात विकली जायची. हमाली, तोलाई, अडत वजा करून शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडायची. ती पट्टी लिहिणारा हात दिवाणजींचा. हरिपूरच्या जमिनीत हळद साठवायची पेवं होती, त्या पेवांच्या नोंदीही त्यांच्याकडे असत. ते सांगायचे, "पेवाचं तोंड एकदा बंद झालं की आत कुणाची किती हळद आहे ते डोळ्याला दिसत नाही. वहीला दिसतं. आमच्या वहीवर विश्वास होता म्हणून माणसं वर्षाचं पीक जमिनीत पुरून निर्धास्त झोपायची."

मी गावातल्या शाळेत शिक्षक. ओव्या गोळा करण्यात माझी बरीच वर्षं गेली होती. निवृत्त झालो तेव्हा हस्तलिखित तयार होतं. असं पुस्तक हळूहळू खपतं, त्यात आपली रक्कम फार काळ अडकते, हे प्रकाशकांनी मला मोकळेपणानं सांगितलं आणि मला ते पटलंही. ग्रॅच्युइटीतली काही रक्कम बाजूला काढून पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं आणि शेजारच्या दिवाणजींना सांगायला गेलो. त्यांनी छापखाना कुठला, कागद कुठला, काही विचारलं नाही. "वही घेतली का?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच पेठेतून लाल कापडी पुठ्ठ्याच्या दोन वह्या घेऊन आले.

पहिली वही पैशाची. पहिल्या पानावर श्री लिहून त्यांनी माझ्याच हातानं नोंद करवून घेतली: गुरुजींकडून जमा ४५,००० रुपये. माझेच पैसे माझ्याच पुस्तकाला, ते जमा कसले धरायचे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पुस्तक वेगळं, गुरुजी वेगळे. तुम्ही पुस्तकाला पैसे दिलेत, पुस्तक तुमचं देणं लागतं. घरच्या किराण्याचा एक रुपया या वहीत शिरायचा नाही आणि या वहीतला एक रुपया घरात जायचा नाही." त्यांच्या सांगण्यावरून मी बँकेत पुस्तकासाठी वेगळं बचत खातं उघडलं. आलेला प्रत्येक पैसा तिथं, गेलेला प्रत्येक पैसा तिथून. पुढं वर्षाच्या शेवटी हिशेब जुळवताना या एका गोष्टीनं निम्मं काम हलकं केलं. पेठेत नव्या वह्या दिवाळीच्या पाडव्याला उघडतात. माझी वही मात्र त्यांनी १ एप्रिल ते ३१ मार्च अशी धरायला लावली, कारण सरकार वर्ष तसं धरतं.

मग छापखान्याचं अंदाजपत्रक आलं. दिवाणजी चष्मा पुसून ते घेऊन बसले. पुस्तक डेमी आकाराचं, १६० पानांचं, प्रती ५००. छापखान्याच्या मालकांना त्यांनी आदरानं एकेक गोष्ट विचारली आणि मालकांनीही आनंदानं समजावून दिली. २३ बाय ३६ इंचांच्या एका कागदातून डेमीची ३२ पानं निघतात. म्हणजे एका प्रतीला ५ कागद, ५०० प्रतींना २,५०० कागद. रीम ५०० कागदांचं, तेव्हा ५ रीम, शिवाय वाया जाणारा कागद वेगळा. ७० जीएसएमचं या आकाराचं रीम पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरतं. कागद किलोवर विकला जातो हे कळल्यावर हळदीच्या पेठेतल्या या माणसाचे डोळे चमकले. "मग हा आपलाच धंदा. वजन आलं की हिशेब आला," ते म्हणाले. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठाची छपाई, बांधणी, रिक्षाभाडं, सगळं वेगवेगळ्या ओळीत लिहायचं, एकूण रकमेत बुडवायचं नाही, हा त्यांचा दंडक. प्रत्येक बिलाला क्रमांक, तोच क्रमांक वहीतल्या ओळीला. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे कागदावर आणि छपाईवर भरलेला कर लेखकाला वळता करून घेता येत नाही. तो पुस्तकाच्या खर्चातच धरावा लागतो. हे मला त्या बिलांनी शिकवलं.

सगळ्या खर्चाचा अंदाज ४५,००० झाला. ५०० प्रती, म्हणजे प्रत ९० रुपयांना पडली, असं मी म्हणालो. दिवाणजी म्हणाले, "किती वाटणार?" ओव्या सांगणाऱ्या बायका, अभिप्रायासाठी द्यायच्या प्रती, मदत केलेली माणसं असं मोजत गेलो, तर ५० प्रती झाल्या. "मग विकायला ४५०. प्रत ९० ला नाही, १०० ला पडली." छापील किंमत २०० रुपये ठरली. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली की हातात १२० येतात. म्हणजे दुकानातून विकलेल्या प्रतीमागं सुटतात २० रुपये. घातलेले ४५,००० परत यायला दुकानांतून ३७५ प्रती विकल्या जायला हव्यात. त्यानंतरच्या ७५ प्रतींचं जे येईल ते उरलेलं. आकडे एवढे साधे होते, पण छपाईच्या आधी ते कागदावर आले म्हणून किंमत, सूट आणि भेटीच्या प्रती हे तिन्ही निर्णय मी उघड्या डोळ्यांनी घेतले. भेट देऊ नका असं दिवाणजी कधीच म्हणाले नाहीत. "मोकळ्या हातानं द्या," ते म्हणायचे, "पण दिलं ते लिहा. न लिहिता दिलेली प्रत विकलेल्या प्रतीवर ओझं टाकते."

दुसरी वही प्रतींची होती आणि तिच्यावर त्यांचा जास्त जीव होता. पैसा बँकेत दिसतो. प्रती गावभर पांगतात. तारीख, कुणाला, किती, कशासाठी, पोच आली का, असे रकाने. कशासाठी याचे चार प्रकार: रोख विक्री, जांगड, मानार्थ आणि कायद्यानं द्यायच्या. जांगड हा त्यांच्या पेठेतला शब्द. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत करायचा माल. दुकानात विक्रीला ठेवलेली पुस्तकं म्हणजे जांगडच. त्या प्रती दिल्या म्हणून विकल्या असं धरायचं नाही. पैसे येईपर्यंत त्या आपल्याच. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर दोन प्रतींत चलन, एकावर दुकानदाराची सही घेऊन ते आपल्याकडं. परतीला आलेल्या प्रती वेगळ्या ओळीत, त्यातल्या खराब झालेल्या आणखी वेगळ्या. कायद्यानं द्यायच्या प्रतींचं त्यांना फार अप्रूप वाटलं. १९५४ च्या कायद्याप्रमाणं पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत प्रकाशकानं स्वखर्चानं कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना प्रती पाठवायच्या असतात. स्वतः पुस्तक काढणारा लेखक प्रकाशकही असतो, म्हणून हे त्याचंही काम. आयएसबीएन क्रमांक मी आधीच घेतला होता. आपल्याकडं त्याला शुल्क पडत नाही. कृष्णाकाठच्या म्हाताऱ्यांच्या ओव्या थेट कोलकात्याला जाणार, याचा आनंद दिवाणजींना माझ्याएवढाच झाला. टपालाच्या त्या चार पावत्या त्यांनी स्वतः वहीत चिकटवल्या.

महिनाअखेरीला आम्ही दोन्ही वह्या शेजारी ठेवून बसायचो. छापलेल्या ५०० मधून वहीप्रमाणं बाहेर गेलेल्या प्रती वजा करायच्या आणि घरातले गठ्ठे मोजायचे. विकलेल्या प्रतींचे पैसे पहिल्या वहीत सापडलेच पाहिजेत. "पैशाची वही चुकली तर प्रतींची वही तिला पकडते आणि प्रतींची चुकली तर पैशाची," हे त्यांचं वाक्य माझ्या मनात कोरलं गेलं आहे.

एका साहित्यप्रेमी स्नेह्यानं मला एकदा टोकलं होतं. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली आणि तुम्ही ओव्यांच्या पुस्तकाचा पै-पैचा हिशेब मांडता? मी ते दिवाणजींना सांगितलं. ते वारकरी, गळ्यात माळ. थोडा वेळ थांबून म्हणाले, "गुरुजी, तुकोबांनी आधी वाटणी केली. भावाच्या, कान्होबांच्या वाट्याची खतं कान्होबांच्या हातात दिली आणि मग आपल्या वाट्याची बुडवली, असंच परंपरा सांगते ना? दुसऱ्याचं एक खत त्यांनी पाण्यात टाकलं नाही. आपलं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं हे ज्याला ठाऊक, त्यालाच आपलं सोडता येतं." संतांच्या चरित्राचा इतका चोख अर्थ मी कुठल्या व्याख्यानात ऐकला नव्हता. श्रीधर व्यंकटेश केतकरांची मला तेव्हा आठवण झाली. 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड उभे करायला त्यांनी लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि पुढं त्या सगळ्या उद्योगाचा इतिहासही स्वतंत्र पुस्तकात लिहून ठेवला. मराठीत विद्या आणि वही यांचं वैर कधीच नव्हतं.

उधारीच्या बाबतीत त्यांनी मला दिलेला धडा सगळ्यात मोलाचा. एका दुकानाकडून बरेच दिवस पैसे येईनात. मी पत्राचा मसुदा केला, त्यात माझी नाराजी होती. दिवाणजींनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. "वसुलीच्या पत्रात राग लिहायचा नसतो, तारीख लिहायची असते," ते म्हणाले. चलन क्रमांक, तारीख, दिलेल्या प्रती, परत आलेल्या प्रती, सूट वजा जाता येणं रक्कम, आणि शेवटी दुकानाच्या भरभराटीसाठी शुभेच्छा. एवढंच पत्र गेलं. दुकानाचा कारभार मध्यंतरी पुढच्या पिढीकडं गेला होता. सहीचं चलन पाहून त्यांनी सगळी रक्कम पाठवली आणि नव्या प्रतीही मागवल्या. ग्रंथालयांची गोष्ट वेगळी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपल्याकडं अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं शासकीय अनुदानावर चालतात. अनुदान हाती आलं की बिल निघतं. तिथं उशीर म्हणजे टाळाटाळ नव्हे, हे दिवाणजींनी ओळखलं आणि ग्रंथालयांच्या येण्याचं पान वेगळं केलं. त्या पानावर तगादा नव्हता, फक्त वाट पाहणं होतं. आणि छापखान्याचं, बांधणी करणाऱ्याचं देणं मात्र आपण एक दिवसही मागं ठेवायचं नाही. "आपलं येणं लांबलं म्हणून दुसऱ्याचं देणं लांबवायचं नाही," हे त्यांनी मला पहिल्याच बिलाला सांगितलं होतं.

कराचं त्यांनी स्वतः सांगितलं नाही. त्यांच्या ओळखीच्या सनदी लेखापाल बाईंकडं मला घेऊन गेले. बाईंनी समजावलं ते असं: स्वतः काढलेल्या पुस्तकाच्या विक्रीतून खर्च वजा जाता जे उरतं ते व्यवसायाचं उत्पन्न, त्यामुळे केवळ निवृत्तिवेतनाचं साधं विवरणपत्र चालत नाही. पुढं माझं दुसरं पुस्तक एका प्रकाशकानं काढलं, त्याचं मानधन ही रॉयल्टी. तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०-क्यूक्यूबी कलमाची सवलत, जुनी करप्रणाली घेतली तर, त्या रॉयल्टीला ३ लाखांच्या मर्यादेत मिळू शकत होती. स्वतःच्या विक्रीच्या नफ्याला नाही. रॉयल्टीतून टीडीएस कापला असेल तर तो तेव्हाच्या २६-एएस विवरणाशी ताडून पाहायचा असे. हे सांगून झाल्यावर बाईंनी वह्या उघडल्या, पानं चाळली आणि दिवाणजींना म्हणाल्या, "काका, मला विचारायला काही उरलेलंच नाही." त्या दिवशी परतताना दिवाणजी फार खुशीत होते.

आता मी त्यांच्या खऱ्या देण्याकडं येतो. मुखपृष्ठ करणाऱ्या विद्यार्थ्यानं पैसे घ्यायला साफ नकार दिला होता. वहीत त्याची ओळ येणार नव्हती. दिवाणजींनी पहिल्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि तिथं लिहायला सांगितलं: मुखपृष्ठ, पैसे घेतले नाहीत. मग मुद्रितं तपासणाऱ्या मित्राचं नाव. मग एकेका गावाखाली ओव्या सांगणाऱ्या बायांची नावं. रकमेचा रकाना त्या पानावर नव्हताच. ते म्हणाले, "पुढच्या पानांवरचं देणं फिटतं. या पानावरचं फिटायचं नाही. पण पुढची पानं चोख असली तरच हे पान स्वच्छ दिसतं. नाहीतर फेडायचं देणं आणि न फिटणारं देणं यांची मिसळ होते आणि माणूस दोन्ही विसरतो."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. आमच्या गल्लीत पाणी शिरलं आणि घरातले पुस्तकाचे गठ्ठे गेले. वह्या मात्र माळ्यावर होत्या. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलेलं दिवाणजींनी पाहिलं होतं. वह्या वर ठेवायच्या आणि दर महिन्याला पानांचे फोटो त्यांच्या नातीकडून मोबाईलवर काढून घ्यायचे, ही शिस्त त्यांचीच. पुस्तक बुडालं, असं भेटणारा प्रत्येक जण हळहळून म्हणत होता. पाणी ओसरल्यावर आम्ही वही उघडली. ३५० प्रती विकून पैसे जमा होते. ५० वाटलेल्या. ४० दुकानांत. भिजल्या त्या ६०. विकलेल्यांपैकी १०० प्रती गावोगावच्या कार्यक्रमांत पूर्ण किमतीला गेल्या होत्या, म्हणून एकूण ५०,००० रुपये आले होते. माझे ४५,००० मला परत देऊन, टपालाचा आणि प्रवासाचा खर्च वजा करून साडेचार हजारांच्या आसपास उरत होते. पुस्तक बुडालं नव्हतं. खर्च निघाला तर उरेल ते ओव्या सांगणाऱ्या बायांचं, असं मी सुरुवातीलाच त्यांना बोललो होतो. त्यातल्या कित्येकींच्या घरांतून पाणी गेलं होतं. त्या वर्षीच्या भाऊबीजेला ती रक्कम सारख्या वाट्यानं, प्रत्येकीच्या घरी जाऊन, मी ओवाळणी म्हणून ताटात घातली. एक आक्का म्हणाली, "मास्तर, तोंडातून गेलेल्या ओवीचं बी पैसं येत्यात व्हय?" रक्कम लहान होती. पण ती दया नव्हती, मदत नव्हती. ती त्यांची होती आणि वहीत तसं लिहिलेलं होतं. हिशेब नसता तर उरलं किती हे मला कळलं नसतं आणि दिलेला शब्द सदिच्छाच राहिला असता.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी दिवाणजी नव्हते. किती प्रती काढायच्या, कुठं ठेवायच्या, कुठं स्वतः जायचं, हे त्यांच्या वहीनं सांगितलं. पुस्तक दुकानांपेक्षा बायकांच्या मेळाव्यांत आणि शाळांत जास्त गेलं होतं, ते रकान्यांत स्पष्ट दिसत होतं. ३०० प्रती काढल्या, तेवढ्या पुरल्या. शेवटच्या पानावर मी आणखी एक नाव लिहिलं आहे. ते छापू नये ही त्यांची इच्छा होती. लिहू नये असं ते म्हणाले नव्हते.

स्वतःचं पुस्तक स्वतः काढणारे लेखक आज मराठीत गावोगावी आहेत. त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. छापखान्यात पाऊल ठेवण्याआधी दोन वह्या घ्या, एक पैशाची, एक प्रतींची. संगणकावर ठेवा, मोबाईलवर ठेवा, पण ठेवा आणि रोजचं रोज लिहा. पुस्तकाचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं करा. दिलेल्या प्रत्येक गठ्ठ्याचं सहीचं चलन जपा. ज्यांचे पैसे देता येतात त्यांचे वेळेवर द्या, आणि ज्यांचं देणं पैशात मोजता येत नाही त्यांची नावं शेवटच्या पानावर आपल्या हातानं लिहून ठेवा.